तहकूब बाप्तिस्मा

आमचे घरमालक आमच्याबद्दलची तक्रार आम्हाला कधीच सांगत नसत. ते ती देवाला सांगत. सकाळी साडेसहाला, खालच्या खोलीत, आणि अशा खणखणीत आवाजात, की देव वरच्या मजल्यावर आमच्याच खोलीत राहतो अशी त्यांची समजूत असावी.

"हे प्रभो, वरच्या मजल्यावरच्या आमच्या डॉक्टरांना तू हाताला गुण दिलास, त्याबद्दल तुझे आभार. आता त्यांना जिन्यातला दिवा बंद करायची बुद्धीही दे. आणि त्यांच्या यजमानांना हे कळू दे, की गरम पाण्याची टाकी एक आहे आणि घरात माणसं तीन आहेत."

माझा नवरा दाढी करता करता थांबायचा, हळूच "आमेन" म्हणायचा आणि नळ बंद करायचा.

चौऱ्याऐंशी साली मला इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या एका खेड्यात जीपीची, म्हणजे गावच्या डॉक्टरची, नोकरी मिळाली. नवरा ब्रिस्टलला विमानांच्या कारखान्यात. गावात भाड्याने मिळणारी जागा एकच होती, बॅप्टिस्ट चॅपलच्या पास्टरच्या घराचा वरचा मजला. पास्टर विधुर होते, साठीला आलेले, सहा फूट दोन इंच उंच. माझ्या सर्जरीतल्या, म्हणजे दवाखान्यातल्या, काट्यावर त्यांचं वजन सतरा स्टोन भरलं होतं, शंभर किलोंच्याही वर. पँटच्या पायांना सायकलच्या क्लिपा लावलेल्या असत, आणि त्या लावूनच ते प्रवचनाला उभे राहत. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "प्रवचन संपल्यावर उगाच वेळ जाऊ नये म्हणून." प्रवचन सव्वा तासाचं असे.

बॅप्टिस्ट लोकांचं म्हणणं थोडक्यात असं, की तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडलं म्हणजे बाप्तिस्मा होत नाही. माणसाने जाणत्या वयात, आपल्या तोंडाने विश्वास कबूल करून, पाण्यात पुरतं बुडायचं. एवढ्यावर जगातले बहुतेक बॅप्टिस्ट समाधानी असतात. आमच्या पास्टरांनी त्यात स्वतःचा एक नियम घातला होता. बुडणारा नुसता बुडून भागत नाही, ज्याने बुडवलं तो स्वतः नीट बुडालेला हवा. आणि त्याला ज्याने बुडवलं तोही. अशी माळ मागे जितकी लांब नेता येईल तितकी नेऊन तपासायची. एखाद्या स्थळाचं कुळ बघावं तसे ते माणसांचे बाप्तिस्मे बघत.

या नियमात न बसणाऱ्या जगाबद्दल त्यांची मतं ठाम होती. गावातल्या मोठ्या चर्चचे धर्मगुरू, व्हिकर, म्हणजे 'राणीचे नोकर', कारण त्यांच्या पंथाची प्रमुख राणी. मेथडिस्ट म्हणजे 'कोमट'. पण खरा राग यांच्यावर नव्हता. खरा राग होता दोनशे यार्डांवरच्या पत्र्याच्या चॅपलवर. तेही बॅप्टिस्टच. दोन पिढ्यांमागे आमच्या चॅपलमध्ये हार्मोनियम आणावी की नाही यावरून भांडण झालं, काही कुटुंबं उठून गेली, त्यांनी गंजक्या पत्र्याचं स्वतःचं चॅपल उभं केलं, वेल्समधून एक प्रचारक बोलावला आणि हार्मोनियम आणली. माझ्या वेळी तिथे ट्रॅक्टर दुरुस्त करणारे एक लहानखुरे, मऊ बोलणारे गृहस्थ रविवारी प्रवचन करत. आमच्या पास्टरांनी त्यांच्याशी एकोणीस वर्षं शब्द बोललेला नव्हता. पोस्ट ऑफिसच्या रांगेत ते पुढे असले तर पास्टर तिकिटं न घेता परत येत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवाला सांगत की आज पत्र उशिरा का जाणार आहे.

आमच्याकडे माणसं चौदा, त्यांच्याकडे अकरा. सगळे मिळून माझ्या सर्जरीतल्या वेटिंग रूममध्ये मावले असते.

पास्टरांचं खरं काम म्हणजे इतिहास. 'आमचे प्रचारक' या नावाचा ग्रंथ ते अकरा वर्षं लिहीत होते. जेवणाच्या टेबलावर कागद, पायऱ्यांवर कागद, ब्रेडच्या डब्यात कागद. आणि खरं सांगायचं तर त्या कागदांतली माणसं भारी होती. शाळेचं तोंड न पाहिलेले शेतमजूर, चांभार, विणकर. आठवडाभर दुसऱ्याच्या शेतात राबायचं आणि रविवारी नऊ मैल चालत जाऊन कोणाच्या तरी धान्याच्या कोठारात दोन तास बोलायचं. एक चांभार तर प्रवचन करताना हातातली आरी खाली ठेवायला विसरायचा, म्हणून पहिल्या बाकावर कोणी बसत नसे. जुन्या काळी परवानगीवाचून उपदेश केला म्हणून तुरुंगात गेलेलेही त्यात होते. पास्टर मला जिन्यात गाठून हे सांगत. माझ्या हातात भाजीची पिशवी असायची आणि ते म्हणत, "दोनच मिनिटं, डॉक्टर." मटार निवडून होईल एवढा वेळ मी त्या जिन्यात काढलेला आहे.

या सगळ्यांत मोठे म्हणजे चॅपल बांधणारे पहिले पास्टर. त्यांना मी मनात 'थोरले' म्हणायचे. थोरले व्यवसायाने गाड्यांची चाकं बनवत. त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी भिंतीवर होती. त्यांनी शेकडो लोकांना नदीवर नेऊन बाप्तिस्मा दिला, असं पाटी सांगत होती. आमच्या पास्टरांच्या बाप्तिस्म्याची माळ पुजाऱ्याच्या जपमाळेसारखी त्यांच्या बोटांवर होती. सोळाव्या वर्षी याच चॅपलमध्ये आधीच्या पास्टरांनी त्यांना बुडवलं, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी, त्यांना थोरल्यांनी. "एकही मणी सुटलेला नाही," असं ते म्हणत, आणि माझ्याकडे असे बघत, की माझे तर सगळेच सुटलेले आहेत.

मला वाचवायचा त्यांनी एक वर्ष प्रयत्न केला. मग सोडून दिला. माझ्या नवऱ्यावर प्रयत्नही केला नाही.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात आई पुण्याहून आली. तिला तीन दिवसांतच या गृहस्थांची गंमत कळली. सकाळची प्रार्थना ऐकून म्हणाली, "अगं, हा देवाशी बोलतोय की तुझ्याशी?" मी म्हटलं, दोघांशी. रविवारी ती हट्टाने चॅपलमध्ये आली. हातमाग साडी, वर माझं रेनकोटसारखं जाकीट. सव्वा तास ताठ बसून ऐकलं. तिला इंग्रजी बेताचं येत असे, पण लहानपणापासून कीर्तनं ऐकलेली. घरी आल्यावर चहा गाळताना निकाल दिला. "पूर्वरंग बरा होता. उत्तररंगात आख्यानच नाही. नुसता आवाज चढवला. आणि एकदाही हसवलं नाही."

पास्टरांनी मला दुसऱ्या दिवशी जिन्यात विचारलं, "तुमच्या आईंना प्रवचन कसं वाटलं?"

"तिला गोष्ट हवी होती," मी म्हटलं.

त्यांनी ते मनावर घेतलं. पुढच्या रविवारी गोष्ट सांगितली. उद्या बाप्तिस्मा घेतो म्हणणारा एक माणूस त्याच दुपारी गाडीखाली सापडतो आणि नरकात जातो. आई म्हणाली, "ही गोष्ट झाली होय? ही तर धमकी झाली."

पण त्याच पहिल्या रविवारी आईने आणखी एक गोष्ट पाहिली होती, जी मी तीन वर्षांत पाहिली नव्हती. प्रवचनानंतर प्रभुभोजन होतं. पावाचे तुकडे एका ताटात आणि द्राक्षरसाचा पेला, एकाकडून दुसऱ्याकडे. आम्ही दोघी बाहेरच्या, आम्हाला ते नव्हतंच, त्याचं आईला काही वाटलं नाही. पण मागच्या बाकावर सत्तरीच्या एक बाई होत्या. ताट वाटणारा माणूस त्यांच्यापाशी आला, त्यांच्यावरून हात लांब करून त्याने पलीकडे ताट दिलं आणि पुढे गेला.

"त्या म्हातारीला प्रसाद का नाही दिला?" आईने विचारलं.

त्या बाई माझ्या पेशंट होत्या. गावाच्या टोकाला बंगल्यात एकट्या राहत, कोंबड्या पाळत. आमच्याकडे त्यांचं नाव 'कोंबडीवाल्या बाई' असंच पडलं. मी पास्टरांना विचारलं, तेव्हा त्यांनी अगदी आनंदाने समजावून सांगितलं, जसं एखादा कारागीर आपलं काम दाखवतो.

बाईंचा बाप्तिस्मा युद्धाच्या दिवसांत झाला होता. तेव्हा मुलींना शेतांवर कामाला पाठवत, तशा त्या दूर दुसऱ्या परगण्यात होत्या. तिथल्या एका प्रचारकाने त्यांना शेततळ्यात बुडवलं होतं. लग्नानंतर त्या या गावात आल्या, चॅपलमध्ये बसू लागल्या, प्रभुभोजन घेऊ लागल्या. सगळं सुरळीत होतं. मग पास्टरांनी इतिहास लिहायची तयारी सुरू केली. त्यासाठी आधी त्यांनी सगळ्यांच्या माळा तपासल्या. त्या परगण्यात पत्रं पाठवली. दोन वर्षांनी उत्तर आलं, की त्या प्रचारकाच्या स्वतःच्या डोक्यावर लहानपणी नुसतं पाणी शिंपडलेलं होतं. तो कधी बुडालाच नव्हता.

"म्हणजे बाईंचा बाप्तिस्मा झालेलाच नाही," पास्टर म्हणाले. "त्या ओल्या झाल्या, एवढंच."

"मग तुम्ही परत द्या ना त्यांना."

"मी तयार होतो. त्या म्हणाल्या, एकदा भिजले तेवढं पुरे."

"आणि किती वर्षं हे चाललंय?"

"चौदा."

"चौदा वर्षं त्यांच्यावरून ताट नेताय?"

"सत्याला वर्षं नसतात, डॉक्टर," ते म्हणाले, आणि त्या वाक्यावर इतके खूश झाले की वही काढून लिहून ठेवलं.

मी बाईंना सर्जरीत विचारलं. ब्लड प्रेशरचा पट्टा फुगवत होते. त्या म्हणाल्या, "पास्टर फार अभ्यासू आहेत." आणि बाही खाली केली. दर रविवारी साडेदहाला त्या मागच्या बाकावर येतच राहिल्या.

नव्वद साली चॅपलच्या छताखालचं लाकूड बदलताना एक पेटी सापडली. आत थोरल्यांच्या काळच्या सभांच्या वह्या. पास्टरांना आनंदाने काही सुचेना. अक्षर मात्र भयंकर होतं, शाई उडालेली. चार दिवस भिंग घेऊन बसले आणि मग एक वही घेऊन वर आमच्याकडे आले. तीन पायऱ्या चढल्या की ते छाती धरून थांबत. अँजायना, हृदयाचं दुखणं. गोळ्या मीच देत होते.

"तुम्ही डॉक्टर लोक एकमेकांचं अक्षर वाचता," ते म्हणाले. "हे वाचा. इथे थोरल्यांच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे. मला वाटतं शब्द 'अफर्म्ड' आहे. सभेने तो पक्का धरला, असं."

मी दिव्याखाली धरलं. सर्जनांनी लिहिलेली पत्रं वाचण्यात माझी दहा वर्षं गेली होती. शब्द 'अफर्म्ड' नव्हता. 'डिफर्ड' होता. तहकूब.

"पास्टर, वाक्य असं आहे," मी म्हटलं. "बंधूंच्या स्वतःच्या बाप्तिस्म्याचा विषय निघाला. लहानपणी भाऊ गिरणीच्या पाटात बुडाला तेव्हापासून पाण्याचं भय वाटतं, असं त्यांनी सांगितलं. विषय उन्हाळ्यापर्यंत तहकूब."

मी पान उलटलं. पुढच्या वर्षी तोच विषय, तोच शब्द. त्याच्या पुढच्या वर्षीही. मला वाईट सवय आहे, एकदा वाचायला लागले की थांबत नाही. एकतीस वर्षं चॅपलच्या डीकनांनी, म्हणजे कारभारी मंडळींनी, दर वसंतात तो विषय काढला होता आणि दर वसंतात तो उन्हाळ्यापर्यंत तहकूब झाला होता. नदीवर थोरले काठावर कोरडे उभे राहून शब्द म्हणायचे, पाण्यात उतरून बुडवायचं काम डीकन करायचे. शेवटची नोंद त्यांच्या मृत्यूची होती. तो जानेवारीत झाला होता.

माझा नवरा पलीकडे भांडी पुसत होता. त्याने टॉवेल तोंडावर धरला आणि खोलीबाहेर गेला.

"शाई उडाली आहे," पास्टर म्हणाले.

"हो, पण शब्द एकतीस वेळा आहे."

"डॉक्टर, हे पेशंटचं गुपित समजा."

"पेशंट कोण?"

त्यांनी जरा विचार केला. "थोरले," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला खालून आवाज आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आम्ही दोघं अंथरुणात पडून वाट बघत होतो. नवऱ्याने मुद्दाम जिन्यातला दिवा चालू ठेवून पाहिला. काही नाही. रविवारचं प्रवचन अकरा मिनिटांत आटोपलं, आणि सोमवारी चॅपलमधल्या तीन बायका एकामागून एक माझ्याकडे आल्या. कोणाची पाठ, कोणाचं पित्त. प्रत्येकीने जाताना दारात वळून विचारलं, "डॉक्टर, पास्टरांना किती दिवस दिलेत?"

मला तेव्हा हसू येत होतं, ते लपवत नाही. स्वतःच्या नियमात अडकलेला माणूस बघायला बरं वाटतं, विशेषतः तो आपला घरमालक असेल तर. माळेतला पहिलाच मणी सुटला होता. थोरले कोरडे, तर त्यांच्या शब्दावर बुडालेले सगळे नुसते ओले, आणि त्या माळेच्या टोकाला आमचे पास्टर, तेही नुसते ओले. कागद जाळून टाकायचा, झालं. कोणाला कळणार होतं? मला आणि भांडी पुसणाऱ्याला. मी खरोखर तशीच वाट बघत होते. एवढा खटाटोप करणारा माणूस शेवटी काय करतो, ते मला माहीत आहे अशी माझी खात्री होती.

चौथ्या रविवारी ते व्यासपीठावर चढले, वही उघडली आणि ती नोंद मोठ्याने वाचली. मग पुढची वाचली. एकतीसच्या एकतीस वाचल्या. मग म्हणाले, "मी तुम्हाला जो नियम शिकवला, त्या नियमाप्रमाणे माझा बाप्तिस्मा झालेला नाही. तुमच्यातल्या बहुतेकांचाही नाही. मला इथे उभं राहायचा अधिकार नाही." आणि खाली उतरले.

मग म्हातारे डीकन उभे राहिले. "पास्टर, आम्हा कोणाचीच हरकत नाही," म्हणाले. "तुम्ही वर जा, आशीर्वाद तेवढा म्हणा. साडेअकराला बायकोने रोस्ट ओव्हनमध्ये टाकलंय."

पास्टर वर गेले नाहीत. आशीर्वाद न घेताच लोक घरी गेले.

आता बाप्तिस्मा घ्यायचा तर कोणाकडून, हा प्रश्न होता. मी म्हटलं, ब्रिस्टलला इतकी बॅप्टिस्ट चर्चेस आहेत, कुठेही जा. ते म्हणाले, "त्यांच्या माळा मला माहीत नाहीत." पंचक्रोशीत मण्यागणिक तपासलेली, थोरल्यांशी कसलाही संबंध नसलेली माळ एकच होती. ती त्यांनीच तपासली होती. ग्रंथाच्या सातव्या प्रकरणात एक लांबलचक तळटीप होती, पत्र्याच्या चॅपलवाल्यांचा आमच्याशी काडीचाही संबंध नाही, त्यांचा बाप्तिस्मा वेल्समधून आलेला आहे, हे सिद्ध करणारी. मोठ्या तुच्छतेने लिहिलेली आणि निर्दोष.

एकोणीस वर्षं आता बावीस झाली होती. ते गेले. ट्रॅक्टरच्या शेडमध्ये काय बोलणं झालं ते मला त्या लहानखुऱ्या गृहस्थांनीच नंतर सांगितलं. ते एका इंजिनाखाली आडवे होते. त्यांना सायकलच्या क्लिपा दिसल्या.

"मला बाप्तिस्मा हवा आहे," क्लिपा म्हणाल्या.

"बरं," हे खालून म्हणाले. "आमच्या सभासदांना विचारावं लागेल. तोवर रविवारी येऊन बसा. पण आमच्याकडे हार्मोनियम आहे."

"मला माहीत आहे."

"आणि आम्ही पाणी गरम करतो."

इथे मात्र पास्टर अडले. आमच्या चॅपलमध्ये फरशीखाली बाप्तिस्म्याची टाकी होती आणि तिच्यातलं पाणी बर्फासारखं ठेवण्याचा त्यांना अभिमान होता. गरम पाण्यातला बाप्तिस्मा म्हणजे आंघोळ, असं ते चारचौघांत म्हणत. माझ्याकडे आले. प्रभूचा बाप्तिस्मा झाला त्या यार्देन नदीत कोणी पाणी तापवलं नव्हतं, म्हणाले.

"यार्देन उष्ण देशात आहे," मी म्हटलं. "मी उष्ण देशातली आहे, माझं ऐका. तुमच्या हृदयाला थंड पाणी सोसणार नाही. गार पाण्यात उतरलात तर मी सर्टिफिकेट लिहीन, पण ते वेगळ्या प्रकारचं असेल."

तीन रविवार ते पत्र्याच्या चॅपलमध्ये मागच्या बाकावर बसले. चौथ्या रविवारी बाप्तिस्मा झाला. मी गोळ्या घेऊन पहिल्या बाकावर होते. दोन्ही चॅपलची मिळून पंचवीस माणसं दोन पिढ्यांत प्रथमच एका छताखाली आली होती, आणि गावातली आणखी तीसेक नुसती बघायला. एका टाकीत कमरेएवढ्या पाण्यात ते लहानखुरे गृहस्थ आणि आमचे पास्टर समोरासमोर उभे.

"तुम्हाला आपल्या पापांचा पश्चात्ताप होतो का?" त्या गृहस्थांनी विचारलं.

याचं उत्तर 'हो' एवढंच असतं. पास्टरांनी पाण्यात उभ्या उभ्या चौदा मिनिटं उत्तर दिलं. त्यात थोरले आले, वह्या आल्या, हार्मोनियमचं मूळ भांडण आलं आणि त्यात दोन्ही बाजू कुठे चुकल्या तेही आलं. पाणी निवत चाललं होतं. त्या गृहस्थांचे ओठ निळे व्हायला लागले तेव्हा मी घड्याळ वर करून दाखवलं.

मग त्यांनी पास्टरांना मागे झुकवलं. सतरा स्टोन खाली गेले आणि टाकीतलं पाणी काठावरून बाहेर आलं, थेट हार्मोनियमच्या भात्यात. खाली जाणं सोपं होतं. वर काढणं त्या नऊ स्टोनांच्या माणसाला जमेना. क्षणभर वर फक्त बुडबुडे होते. मी उठलेच होते, तेवढ्यात दोन शेतकरी बूट घालूनच टाकीत उतरले आणि वासरू ओढावं तसं त्यांनी पास्टरांना ओढून बाहेर काढलं. ते खोकले, धापा टाकल्या, डोळे उघडले. पहिलं वाक्य बोलले ते असं, "तक्रार नाही, पण पाणी फार गरम होतं."

हे सगळं होऊन माणूस बदलला, असं लिहिलं तर त्यांना ओळखणारी माणसं मला हसतील. महिन्याभरात त्या गृहस्थांशी त्यांचं परत वाजलं, भिजलेल्या हार्मोनियमची दुरुस्ती करावी की तो देवाचा संकेत समजावा यावरून. सकाळची प्रार्थना पुन्हा सुरू झाली आणि आमच्या टाकीचं पाणी पुन्हा देवाच्या कानावर जाऊ लागलं. ग्रंथ पुढे छापला, त्र्याण्णव साली, आणि त्यात त्या एकतीस तहकुब्या जशाच्या तशा आहेत. तीन जणांनी तो वाचला, त्यातली एक मी. दोन वर्षांनी आम्ही ब्रिस्टलला राहायला गेलो.

पण बाप्तिस्म्यानंतरच्या गुरुवारी जे झालं ते मी समोर बसून पाहिलं.

कोंबडीवाल्या बाई त्या हिवाळ्यात खालावल्या होत्या. पायांवर सूज, उशा रचून बसून झोपत. मी होम व्हिजिटला गेले होते. दार वाजलं. पास्टर. हातात केकचा पत्र्याचा डबा. मी उठायला लागले तर म्हणाले, "बसा, डॉक्टर. साक्षीदार असलेला बरा."

ते खुर्चीवर बसले. डबा मांडीवर. बराच वेळ झाकणाशी चाळा करत होते.

"मी तीन रविवार त्यांच्याकडे मागच्या बाकावर बसलो," ते शेवटी म्हणाले. "माझ्यावरून ताट नेत होते. नियमाने बरोबरच होतं ते." मग मांडीवरचा डबा सारखा केला. "ताट पुढे जायला फार वेळ लागतो. ताट देणाऱ्या बाजूने मला ते कधी कळलं नाही."

बाईंनी पाठीमागची उशी सरकवली.

"तुमची सतरा वर्षं झाली," ते म्हणाले. "माझं चुकलं. मी हे आणलं आहे. घ्याल का?" आणि डबा उघडला. आत रुमालात पावाचा तुकडा आणि औषधाच्या बाटलीत द्राक्षरस.

बाईंनी डब्यात पाहिलं. मग पास्टरांकडे. बाईंचा चेहरा थोडा ओशाळला. "पास्टर, तुम्ही एवढे चालत आलात," त्या म्हणाल्या, "म्हणून सांगायला बरं नाही वाटत. पण मी घेतेच आहे. तुम्ही बंद केलंत, त्याच्या पुढच्या रविवारपासून. सकाळी आठला मोठ्या चर्चमध्ये जाते, व्हिकरांकडे. ते आटोपून मग साडेदहाला तुमच्याकडे येते."

"सतरा वर्षं?"

"सतरा वर्षं. आता मला जाववत नाही, तर तेच घरी घेऊन येतात."

पास्टरांचा हात झाकणावर तसाच राहिला. राणीचा नोकर. मी खिडकीबाहेर कोंबड्या बघत होते, कारण दुसरीकडे कुठे बघावं कळत नव्हतं.

"आणि ते काही विचारत नाहीत?" पास्टर म्हणाले. "तुम्हाला कोणी बुडवलं, त्याला कोणी बुडवलं?"

"विचारतात ना," बाई म्हणाल्या. "गुडघे कसे आहेत, म्हणून विचारतात."

पास्टरांनी डब्याचं झाकण लावलं. डबा खाली जमिनीवर ठेवला. मग खुर्ची जरा पुढे ओढून त्यांनी विचारलं, "कसे आहेत?"